शनिवारची पिकनिक मंगळवारी ठरली? निदान या चुका टाळा

मंगळवारी दुपारी साहेब केबिनमधून डोकावून म्हणतात, ‘‘या शनिवारी सगळ्यांना कुठेतरी नेऊया.’’ पुढच्या दहा मिनिटांत ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोणावळ्यापासून गोकर्णापर्यंतचा नकाशा येऊन पडतो. पुण्यातल्या पन्नास-साठ माणसांच्या ऑफिसात ॲडमिन सांभाळताना अशा सात-आठ पिकनिक माझ्या गळ्यात पडल्या. बहुतेकींचा घोळ एकाच जागी सुरू झाला: ‘कुठे जायचं?’ हा प्रश्न आधी विचारला. हातात चारच दिवस असतील तर ठिकाण सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी माणसं किती, मग गाडी कुठली, आणि मग ती गाडी पोचेल अशी जागा.

ग्रुपवरच्या अंगठ्यांवर विश्वास

अंगठा दाखवायला कोणाचं काय जातं? एका वर्षी ५२ अंगठे होते आणि शनिवारी सकाळी सात वाजता बसपाशी ३९ माणसं. ताटांचे पैसे मात्र ५२ चेच गेले. तेव्हापासून सगळा खर्च कंपनीचा असला तरी बुधवारी संध्याकाळपर्यंत मी माणशी २०० रुपये जमा करून घेते, आणि बसमध्ये चढणाऱ्याला तिथेच परत देते. नोट हातातून सुटायची वेळ आली की घरचं लग्न, सासऱ्यांचं चेकअप, मुलाची परीक्षा सगळं आठवतं. ते बुधवारीच आठवलेलं बरं. फार्महाउसवाल्याला दोनच गोष्टी विचारा: कमीत कमी किती ताटांचे पैसे लावणार, आणि पक्का आकडा कधीपर्यंत चालेल?

बसचं भाडं नुसतं ‘किलोमीटरला किती’ असं विचारणं

कमी वेळात खरी मारामारी बसची. त्या शनिवारी लग्नाची तिथी असली तर ४९ सीटर विसरा. दोन-तीन टेम्पो ट्रॅव्हलर मिळतात का बघा, किंवा साहेबांना शुक्रवारवर आणा. शुक्रवारी गाडीही मिळते, जागाही स्वस्त पडते.

भाड्यातली गोम वेगळीच असते. बरेच बसवाले दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात. तुम्ही १२० फिरलात तरी बिल त्या किमान आकड्याचंच. शिवाय मोजणी त्यांच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत, आणि टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. हे सगळं धरून एकूण किती, ते मेसेजवर लिहून घ्या. तोंडी ठरलेला आकडा सोमवारी अकाउंट्समध्ये टिकत नाही.

बस मोठी आणि रस्ता अरुंद, हा प्रकार मी मुळशीच्या बाजूला भोगलाय. फार्महाउस दोन किलोमीटरवर राहिलं होतं, पुढे चिंचोळी मोरी आणि रस्त्यावर लोंबणारी विजेची तार. ड्रायव्हरकाका उतरले, तारेकडे बघितलं, टपाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘मॅडम, गाडी हितनं पुढं जाणार नाय.’’ स्पीकर, क्रिकेटचं किट, पाण्याचे बॉक्स सगळं खांद्यावर. गुडघेदुखीवाल्या मॅडमना शेवटी मालकाच्या ट्रॅक्टरवरून न्यावं लागलं. फोटो छान आले, ते सोडा. ‘बस येते ना?’ असं विचारलं की मालक ‘हो’च म्हणतो. ‘याआधी ४९ सीटर दारापर्यंत कधी आली होती?’ असं विचारा.

पावसाळ्यात पाण्याकाठी नेणं

यावर मी वाद घालत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पावसाळ्यात अशा ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश लागतात. ते आदल्या दिवशी न तपासता निघालात तर पोलीस नाक्यावरूनच परत फिरवतील. ऑफिसची चाळीस माणसं घेऊन धबधबा नकोच. छप्पर असलेली, पडवी मोठी असलेली जागा बघा. तशीही शनिवारी सकाळी बोरघाटात आणि संध्याकाळी खडकवासला चौपाटीवर गाड्यांची रांग असते, तिकडे कशाला जायचं? मुंबईकरांनी एवढं लक्षात ठेवावं, की गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. अलिबाग ठरवायच्या आधी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या रो-रोचं, म्हणजे गाड्यांसकट नेणाऱ्या बोटीचं, बुकिंग मिळतंय का ते बघा.

व्हेजवाले मोजून पनीर सांगणं

चाळीसपैकी पंधरा शाकाहारी म्हणून पंधरा जणांचं पनीर सांगितलं, की ते सगळ्यात आधी संपतं. चिकनवाले पनीरही ‘जरा टेस्ट करायला’ घेतात, आणि शेवटी रांगेत आलेले खरे शाकाहारी डाळ-भातावर येतात. पंधरा असतील तर पंचवीस जणांचं सांगा. श्रावणात तर आकडा उलटाच होतो, चिकन उरतं. कॅलेंडर उघडून एकादशी, चतुर्थी बघा, आणि शनिवार धरणारेही असतातच. कांदा-लसूण न खाणारा एक जरी असला तरी त्याचं वेगळं सांगून ठेवा. सकाळचे पोहे ऑफिसच्या कँटीनमधून डब्यात भरून घ्या, म्हणजे वाटेतला हॉटेलातला तास वाचतो. पण स्वच्छ टॉयलेटसाठी एक थांबा हवाच. बायका तो मागून घेत नाहीत, नुसतं पाणी पिणं बंद करतात.

स्विमिंग पूल असेल तर नायलॉनचे कपडे लागतील हे गुरुवारीच सांगा. ‘बसायचं’ आहे की नाही, तेही त्याच मेसेजमध्ये स्पष्ट लिहा. खेळांची काळजी करू नका. एक बॅट आणि अंताक्षरी एवढं पुरतं.

शुक्रवारी रात्री बसवाल्याने हात वर केले, तर दुसऱ्या बसवाल्याचा नंबर आणि शहरातल्या एखाद्या थाळीच्या हॉलचा नंबर आधीच फोनमध्ये असू द्या.

परतीला डोकी मोजणं

परतीची वेळ चार सांगा, बस पाचला निघेल. निघताना डोकी मोजू नका, यादीतली नावं वाचा. मी डोकी मोजली होती. बरोबर ३९ भरली, बस सुटली आणि दोन किलोमीटरवर फोन वाजला, ‘‘मॅडम, मी अजून बाथरूममध्येच आहे.’’ पुन्हा मोजलं, तरी ३९! मागच्या सीटवर फार्महाउसवाल्यांचा सहा वर्षांचा पोरगा निवांत चॉकलेट खात बसला होता.