भेंडीच्या रोपात मित्रबुरशी कशी वसवावी

मुरबाड-शहापूर पट्ट्यात भातकापणी उरकली की विहिरीच्या पाण्यावर भेंडी उभी राहते आणि तिचा माल वाशीच्या घाऊक बाजारापर्यंत जातो. एकदा तोडणी सुरू झाली की ती एक-दोन दिवसांआड करावीच लागते, आणि खरी अडचण तेथेच आहे. रासायनिक कीटकनाशक फवारल्यावर तोडणीपूर्वी जितके दिवस थांबण्याची सूचना लेबलवर असते, तितके दिवस भेंडी पुष्कळदा थांबत नाही. ती जून होते. शिवाय फळात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. म्हणून कीड दिसण्याची वाट न पाहता, पेरणीच्या वेळीच रोपाच्या आत कीडरोधक बुरशी वसवण्याची पद्धत या पिकाला विशेष सोयीची आहे, असे माझे ठाम मत आहे.

यासाठी मुख्यतः वापरायची बुरशी म्हणजे बिव्हेरिया बॅसियाना. रेशीमकिड्यांचा जीव घेणाऱ्या पांढऱ्या रोगामागे एक सूक्ष्म बुरशी आहे, हे इटलीतील आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये दाखवून दिले; ती बुरशी हीच, आणि तिच्या नावात त्यांचेच नाव आहे. एरवी ती किडीच्या कातडीतून आत शिरून तिला मारते. परंतु मका, टोमॅटो, कापूस अशा अनेक पिकांच्या पेशींमधल्या जागेत रोपाला अपाय न करता ती राहू शकते, हे पुढच्या काळातील प्रयोगांतून स्पष्ट झाले. पानावर फवारलेले बीजाणू, म्हणजे बुरशीचे बीजासारखे सूक्ष्म कण, उन्हातील अतिनील किरणांमुळे थोड्या दिवसांतच निकामी होतात, तर रोपाच्या आतील बुरशीला ते भय नसते; फेब्रुवारी-मार्चमधील आपल्याकडच्या उन्हात हा फरक फार मोठा ठरतो.

या बुरशीची भुकटी खरेदी करताना पाकिटावरील नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि प्रतिग्रॅम जिवंत बीजाणूंची संख्या या तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात. बाजारातील भुकटीत ही संख्या बहुधा प्रतिग्रॅम १० कोटी असते. दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात टांगलेले पाकीट कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण बीजाणू मेलेले असतील तर पुढची सारी मेहनत वाया जाते.

बियाण्याच्या बाबतीत सर्वाधिक दक्षता हवी. संकरित भेंडीचे बी पुष्कळदा लाल, निळा किंवा हिरवा रंग दिलेले असते आणि त्यावर बुरशीनाशकाचा लेप असू शकतो; असा लेप रोगाच्या बुरशीबरोबर मित्रबुरशीलाही मारतो. म्हणून शक्यतो प्रक्रिया न केलेले बी मागून घ्यावे. ते मिळाले नाही, तर बीजप्रक्रिया वगळून रोपांना खाली सांगितलेली आळवणी (बुंध्याशी द्रावण घालणे) तेवढी करावी.

प्रक्रिया न केलेले बी हाती असल्यास १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम भुकटी कालवावी. यातून प्रतिमिलिलिटर सुमारे १ कोटी बीजाणूंचे द्रावण तयार होते. बियाण्याला कोरडी भुकटी नुसती चोळण्याचीही रीत आहे, परंतु बुरशी आत शिरावी हा हेतू असल्याने भिजवणे मला अधिक योग्य वाटते. बी बुडेल एवढ्या द्रावणात ते सहा ते आठ तास ठेवावे, मधूनमधून ढवळावे, नंतर सावलीत पसरून वरचे पाणी सुकू द्यावे आणि त्याच दिवशी वाफशावर, म्हणजे जमिनीत बेताचा ओलावा असताना, पेरावे. ठाणे किंवा नवी मुंबईत गच्चीवर कुंड्यांत भेंडी लावणाऱ्यांनी नळाचे पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मग वापरावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बऱ्याच अंशी उडून जाते.

उगवणीनंतर दहा ते बारा दिवसांनी, दोन खरी पाने आली असताना, प्रतिलिटर १० ग्रॅम भुकटीचे पाणी संध्याकाळी रोपांच्या बुंध्याशी घालावे. ही आळवणी टाळू नये. मातीत आधीपासून असलेले सूक्ष्मजीव नव्या बुरशीशी स्पर्धा करतात, आणि रोपातील बुरशीचे प्रमाणही काही आठवड्यांनी घटत जाते. म्हणून तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी. जमिनीत हुमणीचा, म्हणजे मुळे खाणाऱ्या अळीचा, त्रास असल्यास चांगल्या कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम ही दुसरी कीडरोधक बुरशी मिसळून द्यावी. मुळांशी राहणारी ही बुरशी मारलेल्या किडीतील नत्र पिकापर्यंत पोहोचवते, हे कॅनडातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले आहे, आणि या साऱ्या विषयातील ही मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे.

या काळात कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब किंवा तांब्याची बुरशीनाशके वापरू नयेत. नाइलाज झाल्यास आळवणी आणि फवारणी यांत किमान आठवडाभराचे अंतर ठेवावे. भुकटी हाताळताना नाकातोंडावर फडके बांधावे, आणि शेजारी कोणी रेशीमकिडे पाळत असेल तर ही बुरशी तेथे मुळीच वापरू नये.

अपेक्षा कोणती ठेवावी, हेही नीट समजून घ्यावे. फवारणीनंतर जशा पांढऱ्या बुरशीने वेढलेल्या मेलेल्या किडी दिसतात, तशा येथे क्वचितच दिसतील. रोपाच्या आतील बुरशी मुख्यतः स्वतःच्या रसायनांमुळे आणि रोपाची संरक्षणशक्ती जागी करून काम करते. त्यामुळे अळीची वाढ मंदावते, ती कमी खाते आणि मावा, पांढरी माशी यांची पिल्ले कमी होतात. परिणाम हळूहळू दिसतो आणि तो पूर्ण नसतो. पांढऱ्या माशीने आणलेला पिवळ्या शिरांचा विषाणुरोग या बुरशीने बरा होत नाही, म्हणून तशी रोपे दिसताच उपटून नष्ट करावीत आणि पिवळे चिकट सापळे लावावेत.

उपयोग झाला की नाही हे ठरवण्यासाठी एक ओळ बुरशीविना ठेवणे आवश्यक आहे, आणि ती शेताच्या कडेला न ठेवता मधोमध असावी. दर आठवड्याला दोन्हींकडील ठरावीक दहा झाडांच्या पानांखालचे तुडतुडे व मावा मोजावेत आणि तोडणीच्या वेळी पोखरलेली फळे वेगळी काढून त्यांचे वजन लिहावे. सलग तीन-चार तोडण्यांत फरक आढळला नाही, तर पुढील लावणीसाठी दुसऱ्या उत्पादकाची ताजी भुकटी घ्यावी आणि बियाण्यावर लेप नव्हता ना, हे पुन्हा तपासावे.