मानेचं ऑपरेशन पुढून की मागून? सर्जनला भेटायच्या आधीची तयारी

मानेत मज्जारज्जू दबलाय असं एमआरआयमधे आलं की घरात एकच चर्चा, ऑपरेशन पुढून बरं की मागून बरं, आणि जो तो ऐकीव सांगत सुटतो. पण हे तुमच्या मानेवर ठरतं, म्हणून सर्जनकडे जाताना मान नीट समजेल एवढं सामान सोबत हवं.

आधी हातापायाचं लिहून काढा. बटण लावायला वेळ लागतो का, अक्षर बिघडलंय का, चप्पल पायातून निसटते का, अंधारात तोल जातो का, लघवीची घाई होते का आणि हे सगळं कधीपासून. नुसतं मान दुखते सांगून येऊ नका, कितीतरी जणांची दुखतच नाही. यावरून डॉक्टर 18 पैकी स्कोअर काढतात, 15 ते 17 सौम्य, 12 ते 14 मध्यम, त्याखाली गंभीर, आणि मध्यमपासून पुढे सहसा ऑपरेशनच सुचवतात. चालणं झपाट्याने बिघडतंय किंवा लघवीवरचा ताबा गेलाय तर यादीबिदी राहू द्या, लगेच इमर्जन्सीत जा.

रिपोर्टच्या कागदासोबत एमआरआयची सीडी पण घ्या. उभं राहून बाजूने काढलेला एक्सरे, मान पुढे-मागे वाकवून काढलेले एक्सरे, आणि मणक्यामागचं लिगामेंट हाडासारखं कडक झाल्याची शंका असेल तर सीटी, कारण ते सीटीतच स्पष्ट दिसतं.

त्या बाजूच्या एक्सरेवर बोट ठेवून विचारा, माझ्या मानेचा बाक कसा आहे? खरी मेख इथे आहे. मागून हाड उघडलं की रज्जू मागे सरकतो आणि मोकळा होतो, पण बाक उलटा होऊन मान पुढे झुकली असेल तर तो पुढच्या हाडावर ताणलेलाच राहतो, मग सहसा पुढून जावं लागतं, कधी दोन्हीकडून. एक-दोन ठिकाणीच गादीचा दाब असेल तरी बहुतेक पुढूनच, गादी काढून मणके जोडतात. तीन-चार ठिकाणी दाब आणि बाक चांगला, तर मागून. त्यातही लॅमिनोप्लास्टी होईल का हे मुद्दाम विचारा, जपानमधे 1970 च्या दशकात पुढे आलेली पद्धत आहे, हाडाची कमान बिजागरीवरच्या दारासारखी उघडून तशीच धरून ठेवतात, मणके जोडत नाहीत त्यामुळे मानेची हालचाल बरीच राहते. मला तरी हा प्रश्न न विचारता परत येणं पटत नाही.

त्रास कुठला चालेल तेही घरी बोलून ठेवा. पुढून केलं की गिळायला त्रास, आवाज बसणं, बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं पण गाणाऱ्या-शिकवणाऱ्या माणसाने आधीच सांगावं, थायरॉईडचं जुनं ऑपरेशन झालं असेल तर तेही. मागून केलं की मानेचे स्नायू दुखतात, जखमेत इन्फेक्शनची शक्यता जास्त, आणि कधीकधी खांदा उचलता येत नाही, तोही बहुतेकदा हळूहळू भरून येतो. 2021 साली छापलेल्या 163 पेशंटच्या चाचणीत वर्षभरानंतर दोन्हींत शारीरिक क्षमतेचा ठळक फरक नव्हता, कॉम्प्लिकेशन्स मात्र पुढून 48 टक्के आणि मागून 24, त्यात मोठा वाटा गिळण्याच्या त्रासाचा.

आणखी एक विचारा, किती सुधारेल आणि किती फक्त थांबेल? खूप दिवस दबलेला रज्जू पूर्ण सावरेलच असं नाही.

बाकी नेहमीचं, औषधांची यादी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका, शुगर आटोक्यात आणा. मणके जोडणार असतील तर सिगरेट आजच सोडा, नाहीतर हाड जुळायला अडचण येते.