कुणी चाकू दाखवला तर

इंदूरच्या सराफ्यात रात्रीचं खाणं आटोपून लोकमान्य नगरकडे परतताना कुणी आडवं येऊन चाकू किंवा कट्टा (गावठी पिस्तूल) दाखवलाच, तर हुज्जत घालू नका. मागेल ते देऊन टाका. मंगळसूत्र असलं तरी. (सासूबाईंचं नंतर बघू.)

खरी मेख देण्याच्या पद्धतीत आहे. दोन्ही हात छातीशी, तळवे उघडे. खिशात किंवा पर्समध्ये झटकन हात घालू नका. समोरचाही बिथरलेला असतो, तुम्ही हत्यार काढताय असं त्याला वाटू शकतं. आधी सांगा, "भैया, पर्स पीछे की जेब में है, निकाल रहा हूँ," मग सावकाश काढा. नजरेला नजर भिडवू नका, पण हातावरचं गोंदण, बूट, बोलण्याची ढब टिपून ठेवा. शर्ट काय, पुढच्या गल्लीतही बदलता येतो.

पाठलाग नको. उजेडात, माणसांत जा आणि ११२ लावा. गाडीचा नंबर अर्धाच आठवत असला तरी सांगा. फोन गेला असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करा, मग सिम. खात्यातून पैसे गेलेच असतील तर १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. "ही आमची हद्द नाही" ऐकून परतू नका. हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही फिर्याद, म्हणजे झिरो एफआयआर, नोंदवावीच लागते. तिची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. चोरलेला फोन सीईआयआर या सरकारी पोर्टलवरून ब्लॉक करताना तक्रारीची प्रत लागतेच.