पहिली मोटारसायकल: आधी ढकलून बघा, मग चालवून

नवशिक्याची गाडी बहुधा वेगात पडत नाही. पडते ती थांबताना, वळवताना नाहीतर पार्किंगमधून काढताना. म्हणून सीसी आणि मायलेज विचारण्याआधी इंजिन बंद ठेवून, गाडी न्यूट्रलला टाकून एवढं करून बघा:

१. रोजच्या वापरातले बूट घालून जा. सीटवर बसून साइड स्टँड काढा. दोन्ही चवडे तरी घट्ट टेकले पाहिजेत. नुसती बोटं टेकत असतील तर ती गाडी सोडा, रंग कितीही आवडला असला तरी.

२. बसल्या बसल्या पायांनी दहा पावलं मागे ढकला. धाप लागली तर गाडी तुमच्यासाठी जड आहे.

३. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. लांबच्या बाजूचा हात पूर्ण ताणला जाऊन खांदा ओढला जात असेल तर अरुंद जागेत यू-टर्न घेताना तारांबळ उडणार.

४. खाली उतरून मेन स्टँडवर लावा आणि परत काढा.

वजन विचारताना ‘कर्ब वेट’ विचारा, त्यात पेट्रोल आणि ऑइल धरलेलं असतं. बारा लिटर पेट्रोलचंच वजन नऊ किलोच्या आसपास भरतं, आणि शोरूममधली टाकी बहुतेक रिकामीच असते. शिकायला १०० ते १६० सीसी पुरते.

हे सगळं सपाट जागेवरच करा, पलीकडून कुणाला तरी धरायला सांगा. गाडी कलंडायला लागली की एकट्याने सावरणं कठीण.