कापूस वेचणीच्या दिवसांतला नाताळ

पुण्या-मुंबईची आपली मंडळी चोवीसच्या संध्याकाळी बॅगा घेऊन उतरतात. पंचवीसला चर्च, जेवण, फोटो आणि सव्वीसला परतीची गाडी. वर म्हणतात, गावात आता काही राहिलं नाही. अरे, खरी मजा संपल्यावर येता तुम्ही! यंदा निदान एक शनिवार-रविवार आधी या. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात हे दिवस कसे घालवायचे, ते सांगते.

आधी दिवसांचा हिशेब. आगमनकाळाचा (नाताळच्या आधीच्या तयारीच्या आठवड्यांचा) पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार; २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे. तिथून नाताळपर्यंत चार रविवार. पण गावचं खरं वेळापत्रक कापूस ठरवतो. बाया सकाळीच वेचणीला जातात, दिवस मावळताना वेचलेल्या कापसाचा काटा, म्हणजे वजन होतं, मग घरी येऊन चुली पेटतात. म्हणून नाताळच्या गाण्यांचा (कॅरलचा) सराव रात्री आठच्या आधी ठेवू नका. ठेवलात तर फक्त पोट्टे येतील, आणि नुसत्या पोट्ट्यांचा सूर काय लागणार.

पहिल्या आठवड्यात तारा करायचा. बाजारात प्लास्टिकचे घडीचे तारे मिळतात. ते पहिल्या वाऱ्यात फाटतात. त्यापेक्षा बुरडाकडून बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या काढून आणा. पाच-पाच कामट्यांचे दोन सपाट तारे बांधा, एकावर एक ठेवा आणि फक्त पाच टोकं सुतळीनं आवळा. आता मधे जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, तिथे दोन ताऱ्यांच्या मधे वीतभर काडीचे पाच टेकू बसवा. तारा लगेच फुगतो. टेकू आखूड घेतले तर तो चपटा राहतो आणि आतला बल्ब कागदाला चिकटतो. वर पतंगाचा कागद, मैद्याच्या खळीनं चिकटवलेला. एका कप्प्याचा कागद उघडा ठेवा, बल्ब तिथूनच बदलता येतो. बल्ब एलईडीचाच हवा. जुन्या पिवळ्या बल्बनं कागद करपतो.

अनारसे कोणाला करायचे असतील तर तांदूळ डिसेंबर लागताच भिजवा. तीन दिवस भिजत ठेवायचे, पाणी रोज बदलायचं. मग फडक्यावर सावलीत पसरून, ओलसर असतानाच दळायचे. पिठात किसलेला गूळ मळून गोळे डब्यात दडपून ठेवायचे. थंडीत पीठ मुरायला वेळ लागतो, आठवडा तरी द्या. खसखशीवर थापून मंद आचेवर, खसखशीची बाजू वर ठेवून तळायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. अनारसा हसलाच, म्हणजे तुपात विरघळून पसरला, तर रडू नका, पिठात थोडी तांदळाची कोरडी पिठी मिसळा.

नानखटाईसाठी रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन तालुक्याच्या बेकरीत जायचं. भाजून द्यायचे पैसे ते किलोवर घेतात. पंधरा तारखेच्या आत गेलात तर तुमच्यासमोर भाजून मिळेल. नंतर डबे ठेवून या म्हणतात, आणि मग कोणाची नानखटाई कोणाच्या डब्यात, देव जाणे. डब्यावर ऑइल पेंटनं नाव टाका.

केक घरीच, कुकरमध्ये. शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून. मनुका संत्र्याच्या रसात उकळी आणून रात्रभर ठेवा, पिठात संत्र्याची साल किसून घाला. फक्त नारिंगी भाग, पांढरा आला की कडू होतं. आंबिया बहाराची संत्री या दिवसांत हाताशी असतात, मग बाटलीतला इसेन्स कशाला? एक केक बिनअंड्याचा करा. मार्गशीर्ष बहुतेक याच सुमारास असतो आणि शेजारच्या घरांत महालक्ष्मीचे गुरुवार चालू असतात. कॅरलची फेरीही गुरुवारी काढू नका. संध्याकाळी गल्लीत हळदीकुंकवाची गर्दी असते, आणि आपल्या कोरसमधल्या मुलींना तिथेही जायचं असतं.

फेरीचं तंत्र सोपं आहे. लांबचं घर आधी, म्हातारी-आजारी माणसं आधी, चर्चजवळचं शेवटी. प्रत्येक घरी एक गाणं, एक छोटी प्रार्थना, चला पुढे. चहा कोणत्या दोन घरी घ्यायचा ते दुपारीच कळवा, नाहीतर प्रत्येक दारात पातेलं चढतं आणि फेरी रात्री दोनला संपते. साउंड बॉक्स आणू नका, टाळ-ढोलकी-पेटी पुरते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं त्या ठेक्यासाठीच आहेत. इंग्रजी चालीवरची गाणी उघड्यावर, थंडीत, निम्म्यात बसतात. टिळकांचा ख्रिस्ताकडचा प्रवासही आपल्याच बाजूचा, नागपूर-राजनांदगावच्या गाडीतल्या एका भेटीपासूनचा, हे पोरांना जरूर सांगा.

आता सहल. चर्चच्या मंडळीची सहल म्हणजे माझ्या मते रोडगेच. शेताच्या बांधावर आंब्याखाली गोवऱ्या रचून पेटवायच्या. कणीक जाडसर दळलेली, घट्ट मळलेली. छोट्या गोळ्याला तेल लावून त्यावर एक पारी, पुन्हा तेल, पुन्हा पारी, असे थर चढवत मुठीएवढा रोडगा वळायचा. गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसून निखारे राखाडी झाले की मगच आत टाका. घाई केली की वरून कोळसा, आतून कच्चा. फिरवत राहायचा, तडा जाऊन वाफ सुटली की झाला. राख झटकून फोडायचा, थर सुटे होतात, त्यात तूप. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. त्या भाजीत तुरीचे ताजे सोले आणि मूठभर सांभार (कोथिंबीर) टाका, डिसेंबरात ते मिळतात तर का सोडा! सरपण, गोवऱ्या, पाणी पुरुषांकडे द्या, म्हणजे नुसते पत्ते कुटत बसत नाहीत.

गाडी आणि दोन दिवस हाताशी असतील तर चिखलदरा. अकराशे मीटरच्या वर असल्यामुळे थंडी खरीखुरी लागते. स्वेटरवर शाल हवीच. परतवाड्याहून घाट चढायचा, गाविलगड बघायचा, तिथल्या मळ्यातली कॉफी घ्यायची. नाताळच्या आठवड्यात खोल्यांचे भाव वाढतात, म्हणून डिसेंबरच्या मध्यावर, मंगळवार-बुधवारी जा. शहरातलं बघायचं तर नागपूरच्या सदरमध्ये दोन्ही कॅथेड्रल आहेत. संध्याकाळी जा, चालत फिरा, गाडी लांब लावा.

आणि येताना दिव्यांच्या माळा, मेणबत्त्या काही आणू नका, इथे ढीग पडलाय. एक मोठा बॅटरीचा टॉर्च आणा आणि हार्मोनियमचा भाता सांधता येणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला घेऊन या.