सस्पेन्शनचे काम करून घेताना या चुका टाळा

तुळजापूरच्या घाटात वळण घेताना गाडीचे तोंड बाहेर ओढले जाते, स्टिअरिंग आणखी फिरवूनही ती वळत नाही, अशी तक्रार घेऊन सोलापुरात गॅरेज गाठणारा मालक बहुधा पुढच्या स्प्रिंगा कडक करून घ्यायच्या हे ठरवूनच आलेला असतो. मीही एकदा तेच केले होते आणि गाडी आधीपेक्षा हट्टी झाली. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त कडक केली की वळणात आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जाणारा भार पुढेच अधिक सरकतो. टायरवरचा भार वाढतो त्या प्रमाणात पकड वाढत नसल्यामुळे पुढच्या दोन्ही टायरांची एकत्रित पकड उलट घटते. अशा गाडीत पुढचा कडकपणा कमी करावा किंवा मागचा स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून वळणातला कल रोखणारी दांडी) थोडा कडक बसवावा. तोही बेताने, कारण पावसाळ्यात ट्रॅक्टरांनी शेतातली काळी माती डांबरावर आणलेली असताना भर वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर अशा गाडीची शेपूट सरकू शकते.

पण याच्याही आधी टायरमधली हवा पाहावी. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब सुमारे १ पीएसआयने चढतो. दुपारी महामार्गावरून आल्या आल्या तापलेल्या टायरमध्ये हवा ‘बरोबर’ करून घेतली, तर सकाळी ती कमी भरते. दाब थंड टायरमध्येच मोजावा. मग टायरच्या कडेवर, नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत, तीन ठिकाणी खडूच्या रेघा ओढून मोकळ्या रस्त्यावर, बेताच्या वेगाने काही वळणे घ्यावीत. रेघ भिंतीवरही पुसली गेली असेल तर हवा कमी आहे; नक्षीच्या कडेवरचा खडूही शाबूत राहिला असेल तर बहुधा ती जास्त आहे. एवढ्या खडूने माझ्या अनेक शंका फुकटात मिटवल्या आहेत.

लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश (सांध्यातली रबरी नळी) बदलताना गाडी जॅकवर असतानाच बोल्ट पूर्ण आवळून टाकण्याची सवय फार पसरलेली आहे. त्या वेळी आर्म खाली लोंबलेला असतो. गाडी जमिनीवर टेकली की रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश लवकर फाटतो. बोल्ट हाताने बसवावेत आणि चाकांवर गाडीचे पूर्ण वजन आल्यावरच शेवटचे आवळावेत. बुश किंवा बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोल सांधा) ढिले असतील तर अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांच्या कोनांचे, आकडे मशीनवर कितीही सुबक दिसोत, रस्त्यावर ते टिकत नाहीत.

गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंग कापणे मला मुळीच मान्य नाही. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, हालचालीला जागा उरत नाही, आणि वळणात खड्डा आला की शॉकअप बंप स्टॉपवर (हालचालीच्या टोकाला बसवलेल्या ठोकळ्यावर) आदळून त्या चाकाची पकड एकाएकी सुटते. उंची बदलली की टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) हेही बदलतात, त्यामुळे अलाइनमेंट नव्याने करावेच लागते. मागच्या चाकांचा टो बाहेर उघडलेला राहिला, तर सरळ रस्त्यावरही गाडी अस्थिर वाटते.

एका वेळी एकच बदल करावा आणि आधीचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. शनिवारी स्प्रिंग, बार आणि टायर एकत्र बदलले, तर रविवारी घाटात गाडी कशामुळे बिघडली हे मेकॅनिकही सांगू शकणार नाही.