उपयोजित कला शिकताय? देवनागरी मांडणीतल्या या चुका टाळा

पोस्टर, मुखपृष्ठ, पॅकेजिंग यांची इंग्रजीत नेटकी दिसणारी मांडणी मराठी मजकूर टाकताच विस्कटते. महाराष्ट्रात काम करायचं तर मराठी टळत नाही, म्हणून हे कॉलेजातच पक्कं करा.

नेहमीची तक्रार अशी: 'कि'ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे सरकते, 'स्थ'ऐवजी पायमोडका 'स्' आणि सुटा 'थ' दिसतो. अशा वेळी विद्यार्थी फॉन्ट बदलत बसतात, पण दोष बहुतेकदा कंपोझरचा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं आणि ओळी जुळवणाऱ्या सेटिंगचा असतो. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅरेग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर' निवडा. इलस्ट्रेटर या चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी प्रेफरन्सेसच्या 'टाइप' विभागात 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करा, मग पॅरेग्राफ पॅनेलमधून दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर घ्या.

फॉन्ट बदलताच सगळा मजकूर अगम्य झाला, तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड (अक्षरांचे सर्वमान्य संगणकीय संकेत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि ओळ न् ओळ तपासा. रफार आणि जोडाक्षरं तिथेच बिघडतात.

शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका, शिरोरेषा तुटते. रुंद वळणाचा फॉन्ट घ्या.

ओळींमधलं अंतर 'ऑटो'वर ठेवणं ही त्याहून मोठी चूक. ऑटो म्हणजे 120 टक्के, 12 पॉइंटच्या अक्षराला 14.4. रोमनला ते पुरतं. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफार-वेलांटीवर आदळतो. 12 पॉइंटला 16 ते 18 देऊन पाहा.

मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात, आणि मराठी वाचकाला हिंदी वळणं खटकतात. काही फॉन्टमध्ये भाषा 'मराठी' निवडल्यावरच मराठी रूपं येतात. 'तिरो देवनागरी मराठी' या मोफत फॉन्टमध्ये ती मुळातच आहेत. फॉन्ट ठरवण्याआधी 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन्ही शब्द टाइप करून बघा. पहिल्या शब्दातला अर्धा 'र' नीट उमटत नसेल, तर तो फॉन्ट मराठी मजकुरासाठी सोडून द्या.

छपाईला देताना बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, म्हणजे के 100 (काळी शाई 100 टक्के, बाकी शून्य) ठेवा. आरजीबीतला (स्क्रीनच्या रंगांतला) काळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) बदलला की चार शाया मिळून तयार होतो. प्लेट किंचित सरकली तरी मात्रांच्या कडांना रंगीत झाक येते. ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा कडेचा जादा भाग, चारही बाजूंना 3 मिमी. मधे पिन मारायच्या पुस्तिकेची पानं 4च्या पटीत.

प्रेसमध्ये फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर जोडाक्षरं पुन्हा सुटू शकतात, म्हणून मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून द्या. पण मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. कर्व्ह झाल्यावर चुकलेली एक वेलांटीसुद्धा टाइप करून सुधारता येत नाही.